पाहणीची शेवटची फेरी

१

माझी सून ईप्सिता डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरणार असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी एवढेच विचारले की तिच्या सोबतीला कोण असेल.

माझा मुलगा प्रताप हसला. "सोबत? अगं आई, शर्यत आहे ती. देवदर्शन नव्हे."

"आई असतील की," ईप्सिता म्हणाली. "मला पाणी कोण देणार?"

ते काम माझ्याकडे आले ते असे.

शर्यतीचे स्वरूप समजून घेण्यास मला वेळ लागला नाही. आम्ही राहतो त्या स्टुटगार्ट शहराच्या दक्षिणेस श्वेबिश आल्बचे डोंगर आहेत. तेथील बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून एक गोल वाट आखलेली असते. सूर्योदयाला निघायचे, सूर्यास्ताला थांबायचे आणि मधल्या काळात त्याच वाटेवर होतील तितक्या फेऱ्या घालायच्या. खाण्यापिण्यासाठी उतरणे परवडत नाही. म्हणून वाटेवर एका सपाट जागी प्रत्येकाचे माणूस बाटली धरून उभे असते आणि सायकलस्वार न थांबता ती हातातून उचलून पुढे जातो.

शर्यतीपूर्वी स्वार ती वाट पुन्हा पुन्हा फिरून पाहतात. कोठे झाडाचे मूळ आडवे आले आहे, कोणत्या वळणावर चिखल साचतो, हे डोक्यात नव्हे तर अंगात मुरवून घेतात. याला आम्ही घरात पाहणी म्हणत असू. पाहणी जशी तिची, तशीच माझीही होती. बाटली झाकणाशी बोटांच्या टोकांनी धरावी, म्हणजे तिला पकडण्यास मोकळी राहते. तिची पकड बसताच सोडावी. आपण पुढे झुकू नये. बाटलीत काळे मीठ घातलेले लिंबाचे सरबत असे, आणि कागदात एका घासाचा खजूर-शेंगदाण्याचा लाडू. उन्हाळा सुरू झाल्यापासूनचे आमचे बहुतेक रविवार या अभ्यासात गेले.

एक नियम तेवढा माझा होता. वस्तू उजव्या हाताने द्यावी, उजव्या हाताने घ्यावी. अन्नपाणी तर निश्चितच.

"आल्झो, म्हणजे बघा, आई, उजव्या हातात मागचा ब्रेक असतो," ईप्सिता म्हणाली होती.

"तेथे उतार नाही. ब्रेकची गरज नाही."

"एखादा जर्मन पंच परवडला," प्रताप म्हणाला, "पण आई नको."

या विनोदात मी सामील झाले नाही, कारण नियमामागची अडचण मला ठाऊक होती. मागच्या वर्षाआधीच्या हिवाळ्यात ईप्सिताच्या उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. काखेतील गाठीही काढल्या. तेव्हापासून तिचा उजवा हात सुजे. दंडापासून मनगटापर्यंत ती एक घट्ट बाही घाली, आणि थकली की तो हात तिला खांद्याएवढाही उचलता येत नसे. सायकल चालवण्यास हरकत नाही असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले, त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली आणि त्याच आठवड्यात तिने शर्यतीला नाव दिले. तिला जिंकायचे नव्हते. सूर्यास्तापर्यंत टिकायचे होते.

तरीही बाटली ती उजव्या हाताने घेई. ते ती माझ्यासाठी करत असे हे मला कळत होते, आणि, खरे सांगायचे तर, ते मला आवडत होते.

२

शर्यतीच्या आदल्या रविवारी आम्ही शेवटच्या पाहणीस गेलो. प्रताप नोकरीसाठी र्युसेल्सहाइमला राहतो आणि शनिवार-रविवारपुरता घरी येतो. त्या आठवड्यात कामामुळे त्याला येता आले नाही. आम्ही दोघीच होतो.

माझी जागा ठरलेली होती. जंगलात लोकांना मांस भाजण्यासाठी तिन्ही बाजूंनी बंद असे एक लाकडी छप्पर बांधले आहे. आतील चुलीकडे पाठ करून मी तेथील बाकावर बसत असे. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. शर्यतीची वाट दाखवण्यासाठी झाडांना बांधलेल्या लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून अजून थेंब गळत होते.

ईप्सिता येण्याची वर्दी माझ्या डोळ्यांपेक्षा कानांना आधी मिळे. पॅडल मारणे थांबवले की सायकलीच्या मागच्या चाकातून टकटक असा आवाज येतो. तिच्या सायकलीचा तो फार मोठा होता. झाडांमागे कोणी भराभर सुपारी कातरत असावे असे वाटे. तो ऐकला की मी उठून वाटेच्या कडेला उभी राहत असे.

पहिल्या फेरीत सर्व यथासांग झाले. टकटक ऐकू आली, ती आली, बाटली घेतली. "गेनाऊ, आई! असंच!" असे ओरडत ती गेली.

दुसऱ्या फेरीत मला बरेच थांबावे लागले. जंगलात एक पक्षी ओरडत होता, तोही गप्प झाला. मग टकटक आली. झाडांतून ती बाहेर पडली ती हेल्मेटपासून बुटांपर्यंत चिखलाने माखलेली. चष्म्याच्या काचा मातीने भरल्या होत्या. बाही कोपरापाशी फाटली होती. उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता, आणि तिने डावा हात पुढे केला.

मी बाटली मागे घेतली.

"उजवा," मी म्हणाले.

मी विचार करून हे केले नाही. आयुष्यभर मुलांसमोरून अशीच ताटे मागे घेतली आहेत. हात आपला आपण मागे आला. तिचे तोंड उघडले, पण शब्द आला नाही. सायकल इतकी सावकाश चालली होती की टकटकीतला एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. ती माझ्यासमोरून गेली. पुढे गेल्यावरही तिचा डावा हात तसाच, तळवा वर करून, मागे माझ्याकडे धरलेला होता. मग वाट वळली.

आता ती परत फिरून भांडेल असे मला वाटले. मी किंचित हसलेही असेन. लाडवाचा कागद खाली पडला होता तो उचलण्यास वाकले, आणि मान वर केली तो ईप्सिता समोर होती.

आवाज झाला नव्हता. किंवा झाला असेल आणि माझे लक्ष नसेल.

ती ज्या बाजूने नेहमी येते त्याच बाजूने आली होती. तिने उजवा हात व्यवस्थित उचलून बाटली घेतली, पाय टेकला, सरबत प्याली आणि म्हणाली, "धन्यवाद, आई. पाहणी झाली. आपण निघू या."

"आत्ता तू येऊन गेलीस ना?"

"नाही, आई. मी आत्ताच येते आहे."

"मग ती कोण होती?"

"पाहणीला इतरही पुष्कळ जण येतात."

हे खरेच होते. वाहनतळावर आमचीच एक गाडी उभी होती, परंतु गावातील स्वार घरूनच सायकलवर येत असतील. ईप्सितासारखा निळा सदरा पुष्कळांकडे असतो. चिखलाखाली चेहरा कोणाचाही दिसतो. मी थैली उचलली आणि तिच्या मागोमाग चालू लागले.

३

परतीच्या वाटेवर मी त्या "धन्यवाद"चा विचार करत होते.

आमच्या घरात कोणी कोणाला धन्यवाद देत नाही. आईने वाढले म्हणून मूल आभार मानत नाही. तसे मानले तर ते परक्यासारखे वाटते. जर्मन लोक उठता-बसता आभार मानतात याची ईप्सिता मला नक्कल करून दाखवी. दार धरणाऱ्याचे आभार, दार सोडणाऱ्याचे आभार, दाराचे आभार, असे म्हणून आम्ही दोघी हसलो होतो. पण इतकी वर्षे येथे राहून एखादी सवय लागते. मी तो विषय तेथेच सोडला.

ईप्सिता गाडी शांतपणे चालवत होती. एरवी ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला उद्देशून काही ना काही बोलत असते. गाणी लावते, मला नको असली तरी. त्या दिवशी गाणी नव्हती.

घराखालच्या तळघरात, ज्याला येथे केलर म्हणतात, तिने सायकल नेऊन ठेवली. मी दारापर्यंत गेले होते. सायकलीवर चिखलाचा एक शिंतोडाही नव्हता. बुटांवरही नव्हता. बाही स्वच्छ होती आणि कोठेही उसवलेली नव्हती.

छपराजवळ पाण्याचा नळ आहे. तिने तेथे सायकल धुतली असेल, असे मी स्वतःस सांगितले. ती सायकल केव्हा धुणार, मी तर तेथेच होते, हा प्रश्न मी स्वतःस विचारला नाही.

४

पुढचा आठवडा आमच्या घरात जितका सुरळीत गेला, तितका क्वचितच गेला असेल.

ईप्सिताची आणि माझी भांडणे मोठी नसत, पण रोज असत. तिचे मराठी निम्मे इंग्रजी आणि उरलेले जर्मन असे. "आई, मी टर्मिन घेऊन टाकते, नंतर श्ट्रेस नको," असली वाक्ये ऐकली की मी मुद्दाम विचारत असे, "हे मराठीत काय झाले?" ती म्हणे, "मराठीतच बोलले की!" कपाटाची दारे ती पायाने लोटी. चहाचा कप खिडकीत विसरे. जेवताना एक पाय खुर्चीवर घेऊन बसे. मी सांगत असे, ती "जा, जा" म्हणत असे, आणि हे जर्मन होकाराचे "जा" सासूशी बोलताना शोभत नाही असे मी पुन्हा सांगत असे.

सोमवारपासून यातले काहीच राहिले नाही.

"आई, मला उद्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. मी दुपारपर्यंत परत येईन," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिले. वाक्यात एकही परका शब्द नव्हता. खुर्चीत ती दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसली होती. कप धुऊन पालथा घातलेला होता. कपाटाची दारे हाताने लावलेली होती, आणि लावताना आवाज होऊ नये म्हणून तिने बोट मध्ये धरले होते, जसे मी धरते.

भाजी वाढून तिने उजव्या हाताने माझ्यापुढे वाटी ठेवली.

"पुरेसे मीठ आहे का, आई?" तिने सभ्य हसून विचारले.

मीठ बरोबर होते. ईप्सिताच्या हातून मीठ कधी बरोबर पडलेले नाही. त्यावरून किती वेळा बोलणे झाले असेल!

मला आनंद व्हावयास हवा होता. मी जे जे सांगत आले होते ते ते सर्व माझ्यासमोर बसून नीट जेवत होते. पण मी हातातला घास ताटात ठेवला, आणि मला खिडकीत कप शोधावासा वाटू लागला.

५

बुधवारी सकाळी मला रव्याचा डबा हवा होता. तो स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर, मागच्या बाजूस असतो. पितळी आहे, भरलेला असला की जड होतो. पूर्वी मी स्टुलाकडे पाहिले तरी ईप्सिता धावत येई, आणि दोघींपैकी कोणासच तो काढता येत नसल्यामुळे आम्ही प्रतापची वाट पाहत असू.

मी काही बोलले नव्हते. ती माझ्या मागून आली, टाचा उचलल्या, उजवा हात सरळ वर नेला आणि एका हाताने तो डबा उतरवून माझ्यापुढे ठेवला.

हात थरथरला नाही. खांदा वाकडा झाला नाही.

"अजून काही हवे आहे का, आई?"

"नको," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी स्टुलावर बसले. आणि बसल्या जागी मला जंगलातली ती वाट दिसली. थकलेली, पडून उठलेली, चिखलाने भरलेली ईप्सिता. तिचा उजवा हात हँडलवरून उचलला जात नव्हता. म्हणून तिने डावा पुढे केला होता. तिला पाणी हवे होते, आणि मी बाटली मागे घेतली होती.

दुपारी मी प्रतापला फोन केला. काय सांगावे ते नीट जुळवून ठेवले होते, तरी तोंडून एवढेच गेले, "अरे, तिने रव्याचा डबा उजव्या हाताने काढला."

"मग?"

"तिचा हात वर जात नाही."

"फिजिओथेरपी चालू आहे ना! बरं वाटतंय तिला. आई, तू ऐकतेस का स्वतःला? आधी तक्रार काय, तर डाव्या हाताने घेते. आता काय, तर उजव्या हाताने घेते. तिने तिसरा हात आणायचा का?"

"ती मला धन्यवाद म्हणते."

"अरे देवा! पोलिसांना कळवू?"

"प्रताप, मी थट्टा करत नाही."

"मी पण नाही करत, आई." त्याचा आवाज मऊ झाला, आणि मला तो मऊपणा आवडला नाही. "तू झोपतेस ना नीट? शुक्रवारी येतो मी. मग बोलू. तोवर तिला यातलं काही बोलू नकोस हं. शर्यतीआधी तिचं मन बिघडायला नको."

फोन ठेवून मी मागे वळले. ईप्सिता दारात होती. किती वेळ होती ते मला माहीत नाही.

"प्रताप ठीक आहेत ना, आई?" तिने विचारले.

ती त्याला "प्रताप" आणि "तू" म्हणते. लग्नापासून म्हणते. नवऱ्याला अहोजाहो करावे असे मी तिला पहिल्या वर्षी सुचवले होते, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

६

माझे वय लक्षात घेता मनास भ्रम होणे अशक्य नाही. मी हे टाळून विचार केला नाही. जुन्या अकरावीच्या परीक्षेत मला गणितात चांगले गुण होते; पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये एवढे मला कळते. म्हणून गुरुवारी, ईप्सिता कपडे वाळत घालण्यास अंगणात गेली असता, मी केलरमध्ये उतरले.

दिवा लावला. पलीकडे इमारतीची कपडे धुण्याची यंत्रे चालू होती. सायकल भिंतीला टेकवलेली होती. मी ती आसनापाशी धरून उचलता येईल तेवढी उचलली आणि मागचे चाक पायाने ढकलले.

चाक फिरले. फिरत राहिले. त्यातून आवाज आला नाही.

मी कान जवळ नेला. यंत्रांची घरघर होती, माझ्या श्वासाचा आवाज होता. चाकाच्या तारा दिव्यासमोरून सरकत होत्या आणि जमिनीवर त्यांच्या सावल्या फिरत होत्या, इतक्या शांतपणे की ते चाक नसून चाकाचे चित्र असावे.

तेल घातले असेल. तेल घातल्यावर आवाज बंद होतो का, हे मला माहीत नव्हते.

"आई, काही हवे आहे का?"

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. हातात कपड्यांची रिकामी टोपली. जिन्यावर तिची पावले वाजली नव्हती, परंतु ती अनवाणी होती.

"चाक पाहत होते," मी म्हणाले.

"रविवारी मी चांगली जाईन," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही जसे सांगितले आहे, तसेच मी घेईन."

मी बाजूला झाले आणि तिला पुढे जाऊ दिले. जिना चढताना ती माझ्यापुढे दोन पायऱ्या होती, आणि तिच्या पाठीकडे पाहत असताना मला एक गोष्ट इतकी स्पष्ट कळली की मी कठडा धरला. घरात जी आहे ती कोण आहे, हा माझ्यापुढचा प्रश्न नव्हता. दुसरी अजून त्या जंगलात आहे, आणि रविवारपासून तिला कोणी पाणी दिलेले नाही, हा होता.

त्याच दुपारी मी प्रतापला पुन्हा फोन करून म्हटले, मला आल्बच्या त्या छपरापाशी घेऊन चल. "रविवारी जायचंच आहे ना," तो म्हणाला. मला गाडी चालवता येत नाही. तेथे बस जात नाही. त्या रात्री मी ईप्सिताच्या हातचे पाणी घेतले नाही.

७

शर्यतीचा दिवस स्वच्छ होता. पहाटे जंगलाच्या तोंडाशी स्वारांची गर्दी उसळली, शिट्टी वाजली आणि सगळे झाडांत गेले. बाटल्या देणाऱ्यांची रांग छपरापुढे लागली होती. तिच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंचे नाव फ्राउ क्नाउस. मोठा आवाज, मोठी टोपी. सर्वांना त्या हाताने धरून जागेवर उभे करत होत्या.

ईप्सिता आली की मी बाटली धरीत होते. ती उजव्या हाताने घेत होती. "धन्यवाद, आई." पुढची फेरी. "धन्यवाद, आई." इतरांचे चेहरे लाल झाले, मातीने भरले, वेडेवाकडे झाले. तिचा चेहरा सकाळी होता तसाच होता.

"तुमची मुलगी?" फ्राउ क्नाउस यांनी जर्मनमध्ये विचारले. तेवढे जर्मन मला समजते.

"सून."

"कमाल आहे! सगळे मरायला टेकलेत, आणि हिला घामसुद्धा नाही."

प्रताप टाळ्या वाजवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "बघितलंस, आई? बघितलंस ना?" तो म्हणत होता, आणि त्याच्याकडे पाहून मला माझ्या संशयाची लाज वाटली. तो दोन वर्षे या दिवसाची वाट पाहत होता.

मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी कान देत होते. चाके पुष्कळ वाजत होती. मला हवी होती ती टकटक त्यांत नव्हती.

ऊन कलू लागले तेव्हा बाटल्या संपत आल्या. उरलेल्या गाडीत होत्या. प्रतापने किल्ली माझ्या हाती दिली. "सावकाश जा हं. घाई नाहीये."

गाड्या छपरामागच्या गवताळ पठारावर, जंगलाच्या कडेला उभ्या होत्या. शर्यतीची वाट तेथून दूर होती. तिकडे पट्ट्या बांधलेल्या नव्हत्या. मी गाडी उघडली, बाटली काढली, आणि झाडांमधून टकटक ऐकली.

सावकाश. एक ठोका, मग थांबून दुसरा. जणू सुपारी कातरणारा हात दमला होता.

मी जंगलाच्या कडेपर्यंत गेले. बीचच्या खोडांमागून काहीतरी सरकत होते. निळे दिसले, झाकले गेले, पुन्हा दिसले. जेथे वाट नव्हती तेथून ते येत होते, पाचोळ्यातून, आणि पाचोळा वाजत नव्हता, केवळ चाक वाजत होते.

"ईप्सिता," मी म्हणाले. "कोणत्याही हाताने घे. पण थांब."

टकटक आणखी मंद झाली. शेवटचा ठोका पडण्यापूर्वी इतका वेळ गेला की तो आता पडणारच नाही असे मला वाटले. मग तो पडला.

मी तिच्याकडे पूर्ण पाहिले नाही. पाहू शकले नाही. फाटलेली बाही दिसली, आणि तिच्याखाली सुजलेला हात. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली, पांढरी बोटे. गालावर एक ओले पान चिकटले होते आणि ते पान चेहऱ्यावर असावे त्यापेक्षा आत गेलेले वाटत होते. तेथून मी नजर काढली.

तिने बाटली घेतली नाही. माझे मनगट धरले.

तो स्पर्श थंडगार होता. पण पकड मला माहीत होती. शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला आत नेण्याआधी तिने माझे मनगट असेच धरले होते, दुखेपर्यंत, आणि "आई, तुम्ही इथेच थांबा" असे म्हणाली होती. मी दिवसभर त्या खुर्चीवरून उठले नव्हते.

"चल," मी म्हणाले.

गवतावरून आम्ही गाडीपर्यंत आलो. मी समोर पाहून चालत होते. मनगटावरची पकड सुटली नाही. मी गाडीचे मागचे दार उघडले, आत बसले, सरकून पलीकडे जागा केली. दार लागले. ते मी लावले नव्हते. मग मी हात लांब करून पुढचे ते बटण दाबले, ज्याने सर्व दारे एकदम बंद होतात. बाटलीचे झाकण फिरवल्याचा आवाज झाला. कोणीतरी प्यायले. घोटामागून घोट, अधाशासारखे, थांबून श्वास घेण्याइतकाही धीर नसल्यासारखे. गाडीत ओल्या मातीचा वास भरला.

पठारावरून प्रताप धावत येत होता. त्याच्या मागोमाग, सायकल हाताने धरून, ती येत होती. स्वच्छ, नीटनेटकी, प्रत्येक पाऊल मोजून टाकल्यासारखे.

त्याने काचेवर टकटक केली. "आई! अगं, बाटली आणायला गेलीस ना? तिची फेरी झाली, तू जागेवर नाहीस. थांबली ती तुझ्यासाठी!" त्याने दाराचे हँडल ओढले. "आणि अशी एकटीच काय बसलीस, दार लावून? बरं वाटत नाहीये का?"

माझ्या शेजारी आसनाचा पट्टा ओढला गेला, आणि तो कुलपात बसल्याचा आवाज झाला.

"आई, उघड ना. घाबरवू नकोस मला. ईप्सिताला आत येऊ दे."

ती त्याच्या खांद्यामागे उभी होती. आठवडाभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचे ते सभ्य हसू नव्हते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या शेजारी पाहत होती.

"ती आत आली आहे," मी म्हणाले.